निर्लेखनाच्या यादीवर सही करण्यापूर्वी: नाशिकच्या तंत्रशिक्षण संस्थांना खुले पत्र

प्रति,
नाशिक शहर व जिल्ह्यातील तंत्रनिकेतने, अभियांत्रिकी महाविद्यालये आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्थांचे प्राचार्य, इलेक्ट्रॉनिक्स विभागप्रमुख व भांडारपाल

विषय: व्हॉल्व्हच्या काळातील उपकरणे भंगारात न काढता त्यांवर हौशी रेडिओचे टेबल उभे करण्याबाबत

सप्रेम नमस्कार.

जडवस्तू संग्रह नोंदवहीची पडताळणी झाली की इलेक्ट्रॉनिक्स विभागाच्या मागच्या खोलीतली एक रांग निर्लेखनाच्या, म्हणजे नोंदवहीतून काढून टाकायच्या वस्तूंच्या, यादीत जाते. व्हॉल्व्हचा (ट्रान्झिस्टरआधीच्या काचेच्या निर्वात नळ्यांचा) ऑसिलोस्कोप, व्हॉल्व्ह व्होल्टमीटर, आरएफ सिग्नल जनरेटर, तीनशे व्होल्टचा पॉवर सप्लाय, डिमरस्टॅट (फिरवून व्होल्टेज बदलणारा ट्रान्सफॉर्मर), डिकेड बॉक्स, लाकडी पेटीतले मूव्हिंग कॉइल मीटर. शेरा ठरलेला असतो: कालबाह्य, दुरुस्तीयोग्य नाही. पुढे वजनावर लिलाव होतो, तांबे आणि लोखंड वेगळे निघते आणि काच फोडली जाते.

आम्ही हौशी (हॅम) रेडिओचा परवाना असलेली, व्हॉल्व्हचे सेट दुरुस्त करणारी आणि नव्याने बांधणारी नाशिकची माणसे आहोत. आमचे मागणे असे: यादीवर सही होण्याआधी त्या रांगेतून काही वस्तू बाजूला काढा आणि त्यांच्यासाठी एक टेबल द्या. त्या टेबलावर विद्यार्थ्यांना आधी एखादा जुना रिसीव्हर चालू करू द्या, मग परवाना काढून स्वतःचा छोटा ट्रान्समीटर बांधू द्या. काय ठेवायचे, काय खरोखरच टाकायचे आणि काम कोणत्या क्रमाने करायचे, ते खाली लिहिले आहे.

व्हॉल्व्हचाच आग्रह कशासाठी, हा प्रश्न रास्त आहे. आजचा रेडिओ एका चिपमध्ये मावतो आणि ती चिप उघडून पाहता येत नाही. व्हॉल्व्हच्या सेटमध्ये ऑसिलेटर, मिक्सर, आयएफ (मधल्या फ्रीक्वेन्सीचे वर्धन), डिटेक्टर आणि आउटपुट या पायऱ्या चासीवर वेगवेगळ्या बसवलेल्या असतात. प्रत्येकीच्या प्लेटवर, स्क्रीनवर, कॅथोडवर, म्हणजे व्हॉल्व्हच्या इलेक्ट्रोडांवर, मीटर लावता येतो आणि पुस्तकातले समीकरण तिथेच पडताळता येते. शिवाय व्हॉल्व्ह चूक सोसतो. बायस, म्हणजे प्रवाह आवरून धरणारा ठरलेला दाब, गेला तर ट्रान्झिस्टर क्षणात मरतो. ६व्ही६ या आउटपुट व्हॉल्व्हची प्लेट लाल होऊ लागते, ती डोळ्यांना दिसते आणि स्विच बंद करायला काही सेकंद मिळतात. शिकणाऱ्याला या काही सेकंदांची फार गरज असते.

आता ठेवायचे काय. सगळ्यात आधी ट्रान्सफॉर्मर आणि चोक (प्रवाहातले चढउतार अडवणारी कॉइल), कारण नव्याने मिळायला सर्वांत अवघड त्याच वस्तू. २५०-०-२५० ते ३५०-०-३५० व्होल्टचा, ६.३ आणि ५ व्होल्टची वेगळी वाइंडिंग असलेला ट्रान्सफॉर्मर दिसला की तो यादीतून काढावा. दहा हेन्रीच्या आसपासचे चोकही काढावेत. मग गँग कंडेन्सर (स्टेशन लावायचे फिरते कंडेन्सर), विशेषतः प्लेटा न वाकलेले आणि दोन्ही विभाग ५०० पिकोफॅरडच्या जवळ असलेले. सिरॅमिकचे ऑक्टल (आठ पिनांचे) सॉकेट, चिनी मातीचे इन्सुलेटर, वायरवाउंड रेझिस्टर, ५० आणि १०० मिलिअँपिअरचे पॅनेल मीटर. एफटी-२४३ खोक्यातले जुने क्रिस्टल सापडले तर त्यांवरची फ्रीक्वेन्सी टिपून वेगळ्या डब्यात ठेवावेत. डिमरस्टॅट तर आजही रोज उपयोगी पडतो, तो यादीत जातोच कसा याचे आम्हाला आश्चर्य वाटते.

व्हॉल्व्ह तपासायला व्हॉल्व्ह टेस्टर नसला तरी पुष्कळ कळते. काचेच्या आतल्या बाजूचा आरशासारखा डाग म्हणजे गेटर. तो चंदेरी किंवा तपकिरी असेल तर निर्वात शाबूत आहे. दुधासारखा पांढरा झाला असेल तर आत हवा शिरली आहे, तो व्हॉल्व्ह टाकावा. मग हीटरची सलगता पाहावी. ६व्ही६ चा हीटर २ आणि ७ क्रमांकाच्या पिनांवर असतो. थंड असताना तो दोन-तीन ओहमच दाखवतो आणि पेटल्यावर १४ ओहमवर जातो, कारण ६.३ व्होल्टला तो ०.४५ अँपिअर घेतो. पिना काळ्या पडल्या असतील तर बारीक पॉलिश पेपर हलक्या हाताने फिरवावा. ऑक्टल व्हॉल्व्ह काढताना काचेला धरून हलवू नये, बेस सुटतो आणि आतली तार तुटते. नाव पुसट झालेला व्हॉल्व्ह ओल्या फडक्याने पुसू नये. उरलेली अक्षरेही जातात आणि मग तो कोणता हे कळायला मार्ग राहत नाही.

काही वस्तू मात्र उघडूसुद्धा नयेत, आणि हे आम्ही तितक्याच आग्रहाने सांगतो. तेल भरलेले मोठे धातूचे कंडेन्सर चिकट तेल गळत असतील तर आत पॉलिक्लोरिनेटेड बायफिनाइल असू शकते. ते हातमोजे घालून बंद डब्यात ठेवावेत आणि अधिकृत ई-कचरा हाताळणाऱ्याकडेच द्यावेत. जुन्या ऱ्हिओस्टॅटमध्ये आणि गरम रेझिस्टरांखाली अॅस्बेस्टॉसचा पत्रा असतो, तो घासू किंवा तोडू नये. युद्धकाळातल्या मीटरच्या काट्यावर आणि आकड्यांवर पिवळट, पोपडे सुटलेला रंग असेल तर तो रेडियमचा असू शकतो. आता तो चमकत नसला तरी किरणोत्सारी असतोच, म्हणून असा मीटर उघडायचा नाही. ८६६ जातीच्या रेक्टिफायरमध्ये (एसीचे डीसी करणाऱ्या व्हॉल्व्हमध्ये) पारा असतो. ऑसिलोस्कोपच्या पिक्चर ट्यूबमागे हजार-दोन हजार व्होल्ट असतात आणि ट्यूबची मान आपटली तर ती आत कोसळून फुटते. म्हणून ऑसिलोस्कोप विद्यार्थ्यांच्या पहिल्या वर्षाच्या कामात नको. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेले ई-कचरा नियम या टाकायच्या वस्तूंसाठी पाळावेतच. पण 'वापरण्याजोगे' आणि 'टाकायचे' ही वर्गवारी त्याआधी आणि माहितगार माणसासमोर व्हायला हवी.

टेबलावर पहिले काम रिसीव्हरचे. त्याला परवाना लागत नाही, तो ऐकू येतो आणि त्यात शिकण्यासारखे सर्व काही असते.

सगळ्यात मोठी चूक पहिल्याच मिनिटाला होते: 'चालतो का बघू' म्हणून वीस वर्षे बंद असलेला सेट थेट प्लगला लावतात. इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सरच्या आतला ऑक्साइडचा थर इतक्या वर्षांत विरलेला असतो. पूर्ण व्होल्टेज मिळताच तो जवळपास शॉर्टसारखा वागतो, रेक्टिफायर व्हॉल्व्ह जातो आणि पाठोपाठ ट्रान्सफॉर्मर जळतो. जो ट्रान्सफॉर्मर वाचवायचा होता तोच जातो.

म्हणून क्रम असा ठेवावा. आधी ब्रश आणि ब्लोअरने धूळ काढावी, पाणी लावू नये. प्रायमरी आणि चासी यांच्यात ५०० व्होल्टचा मेगर (इन्सुलेशन मोजणारा मीटर) लावावा. नाशिकच्या पावसाळ्यानंतर, आणि इगतपुरी-घोटीकडच्या संस्थांमध्ये तर नक्कीच, इन्सुलेशनचा आकडा कमी निघतो. दहा मेगाओहमच्या खाली असेल तर ट्रान्सफॉर्मर पत्र्याच्या पेटीत ६० वॉटच्या दिव्याबरोबर एक-दोन दिवस ठेवावा आणि पुन्हा मोजावा. बहुतेक वेळा आकडा वर येतो. न आला तर तो सेट तिथेच थांबवावा. जुनी दोन तारांची कापडी वायर काढून तीन तारांची बसवावी, फेजमध्ये फ्यूज घालावा आणि अर्थ चासीला पक्का करावा. मेन्सच्या तारेपासून चासीकडे जाणारा कागदी कंडेन्सर असेल तर तो काढून टाकावा, आणि लागलाच तर त्या जागी वाय२ दर्जाचा बसवावा. व्होल्टेज टॅप २२० वर असेल तर २४० किंवा २५० वर न्यावा. आपल्याकडे मेन्स अनेकदा २४० च्या आसपास असतो आणि २२० च्या टॅपवर हीटर गरजेपेक्षा जास्त तापतात.

इथे एक इशारा. ट्रान्सफॉर्मर नसलेले एसी-डीसी सेट पूर्वी घरोघर होते आणि देणगी म्हणून तेच जास्त येतात. त्यांची चासी थेट मेन्सला जोडलेली असते. तिला अर्थ लावायचा नाही आणि हातही लावायचा नाही. आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर नसेल तर असा सेट टेबलावर घेऊच नये.

आता सिरीज लॅम्प. फेजमध्ये ६० वॉटचा तारेचा दिवा घाला. एलईडी दिवा चालत नाही, कारण दिव्याच्या तारेचा बदलता रोधच आपल्याला हवा असतो. रेक्टिफायर काढून सेट लावला की दिवा क्षणभर उजळून मंद व्हायला हवा. पूर्ण पेटून राहिला तर ट्रान्सफॉर्मरमध्ये किंवा हीटरच्या तारांत शॉर्ट आहे. हे ठीक असेल तर इलेक्ट्रोलिटिककडे वळावे. एक टोक सोडवून ४७ किलोओहमच्या रेझिस्टरमधून ५० व्होल्टपासून सुरुवात करावी. गळती उतरू लागली की पुढची पायरी, असे करत कंडेन्सरच्या कामाच्या व्होल्टेजपर्यंत जावे. रेझिस्टरवरचे व्होल्टेज मोजले की गळती कळते: ४७ व्होल्ट म्हणजे एक मिलिअँपिअर. दोन-तीन तासांत ती एक मिलिअँपिअरच्या खाली आली नाही तर कंडेन्सर बदलावा. बदलताना किंमत फार वाढवू नये. मूळ १६ मायक्रोफॅरड असेल तर २२ चालेल, १०० चालणार नाही. रेक्टिफायरनंतरचा पहिला कंडेन्सर मोठा झाला की प्रत्येक अर्ध्या फेऱ्यात त्याला भरायला मोठा प्रवाह ओढला जातो आणि ५वाय३ सारख्या व्हॉल्व्हमध्ये ठिणग्या पडतात.

रेक्टिफायर सेलेनियमचा, म्हणजे चौकोनी पत्र्यांच्या थप्पीसारखा असेल तर तो काढावाच. जळताना त्याचा वायू विषारी असतो. जागी १एन४००७ बसवता येतो, पण सेलेनियममध्ये जितके व्होल्टेज पडत होते तितके सिलिकॉनमध्ये पडत नाही. म्हणून सिरीजमध्ये रेझिस्टर घालून एचटी (प्लेटला जाणारे उच्च व्होल्टेज) मूळ आकड्यावर आणावी.

इलेक्ट्रोलिटिकइतकाच घातक भाग म्हणजे आउटपुट व्हॉल्व्हच्या ग्रिडला जाणारा ०.०१ मायक्रोफॅरडचा कागदी कपलिंग कंडेन्सर. मल्टिमीटरवर तो चांगलाच दिसतो. समजा त्याची गळती १०० मेगाओहमची आहे, आधीच्या प्लेटवर २०० व्होल्ट आहेत आणि ग्रिड रेझिस्टर ४७० किलोओहमचा आहे. मग ग्रिडवर जवळजवळ एक व्होल्ट धन दाब बसतो. एवढ्याने बायस ढळतो, व्हॉल्व्ह जास्त प्रवाह ओढतो, तापतो, आणि अखेर आउटपुट ट्रान्सफॉर्मरची बारीक तार तुटते. चाचणी सोपी आहे: आउटपुट व्हॉल्व्ह काढून ठेवा, सेट चालू करा आणि सॉकेटवर ग्रिडचे व्होल्टेज मोजा. शून्य हवे. अर्धा व्होल्ट दिसला तरी ६३० व्होल्टचा पॉलिएस्टर किंवा पॉलिप्रॉपिलीन बसवावा. आमचे मत असे की हा एक कंडेन्सर न तपासता बदलावा. जुने कार्बन रेझिस्टर ओलाव्याने चढतात; छापील किमतीपेक्षा वीस टक्क्यांहून जास्त चढलेले बदलावेत, बाकीच्यांना हात लावू नये. सगळेच्या सगळे भाग बदलणारा विद्यार्थी बिघाड शोधायला शिकत नाही.

सर्व्हिस शीटवरचे आकडे जुळत नाहीत म्हणून मुले गोंधळतात. ते आकडे बहुधा १००० ओहम प्रति व्होल्टच्या मीटरने घेतलेले असतात. तो मीटर स्वतःच सर्किटवर भार टाकायचा. आजचा १० मेगाओहमचा डिजिटल मीटर स्क्रीनवर आणि प्लेटवर त्याहून जास्त दाखवतो आणि तेच खरे असते. मीटरचा भार हा विषय फळ्यावर जितका नीट कळत नाही तितका इथे कळतो.

शेवटी अलाइनमेंट, म्हणजे सेटच्या कॉइलांची जुळवणी. आयएफ बहुतेक सेटमध्ये ४५५ किलोहर्ट्झ, काही ब्रिटिश वळणाच्या सेटमध्ये ४७० च्या आसपास. आधी शीट पाहावी, मग स्क्रू फिरवावा. गाभ्याचा स्क्रू घट्ट असेल तर जोर लावू नये, फेराइट तडकते. मेणाचा थेंब हलका गरम करून सोडवावा. सिग्नल जनरेटरने जुळवून झाल्यावर आकाशवाणी पुण्याचे ७९२ किलोहर्ट्झ डायलवर जागेवर बसते का, हे पाहावे. खोलीतल्या एलईडी ट्यूब आणि मोबाइलचे चार्जर आधी बंद करावेत, नाहीतर मीडियम वेव्हवर खरखरीखेरीज काही ऐकू येणार नाही.

इथवर परवान्याचा प्रश्न नव्हता. ट्रान्समीटरला तो आहे, आणि तो केवळ हवेत लहरी सोडण्यापुरता नाही. ट्रान्समीटर बाळगण्यालाही परवानगी लागते. म्हणून क्रम उलटा करू नये. हौशी रेडिओची परीक्षा वयाच्या बाराव्या वर्षापासून देता येते आणि अर्ज दूरसंचार विभागाच्या सरल संचार संकेतस्थळावरून करता येतो. रिस्ट्रिक्टेड श्रेणीला मोर्स लागत नाही. जनरल श्रेणीला मिनिटाला आठ शब्दांच्या गतीने मोर्स घ्यावे आणि पाठवावे लागते. शाळा-महाविद्यालयांना स्वतःच्या नावाने केंद्राचा परवाना मागता येतो, मात्र केंद्राची जबाबदारी परवानाधारक ऑपरेटरवर असते. आपल्या प्राध्यापकांपैकी एकाने जनरल श्रेणीची परीक्षा दिली तर हे टेबल पुढची अनेक वर्षे बाहेरच्या कोणावर अवलंबून राहणार नाही. ट्रान्समीटर आम्ही मोर्सचाच सुचवतो, कारण त्याला मॉड्युलेटर लागत नाही आणि एका व्हॉल्व्हवर काम भागते.

पॉवर सप्लाय आधी बांधावा. २५०-०-२५० व्होल्ट १०० मिलिअँपिअर, ५ व्होल्ट २ अँपिअर आणि ६.३ व्होल्ट २ अँपिअर असा ट्रान्सफॉर्मर, ५वाय३ रेक्टिफायर, १६ मायक्रोफॅरड ४५० व्होल्ट, दहा हेन्रीचा चोक आणि पुन्हा १६ मायक्रोफॅरड. यातून भारावर सुमारे ३०० व्होल्ट मिळतात. शेवटच्या कंडेन्सरवर ४७ किलोओहम ५ वॉटचा ब्लीडर (बंद केल्यावर कंडेन्सर रिकामा करणारा रेझिस्टर) कायमचा हवा. ट्रान्सफॉर्मर भांडारात नसेल तर सातपूर-अंबडकडच्या वाइंडिंगवाल्याला मोजके आकडे द्यावेत: दीड इंच बाय दीड इंच गाभा, व्होल्टला साडेतीन फेरे, म्हणजे २३० व्होल्टच्या प्रायमरीला ८०५ फेरे २८ गेजचे. एचटीला प्रत्येक बाजूस ८७५ अधिक पाच टक्के, ३४ गेज. हीटरची तार १८ गेज. एक गोष्ट त्याला आवर्जून सांगावी लागते, कारण मोटार भरताना तिची गरज पडत नाही: एचटीच्या प्रत्येक थरानंतर कागद हवाच. थर एकमेकांवर तसेच चढवले तर शेजारच्या थरांतल्या व्होल्टेजच्या फरकाने एनॅमल फुटते आणि ट्रान्सफॉर्मर काही आठवड्यांत आतून जळतो. भरून झाल्यावर व्हार्निशमध्ये बुडवून भट्टीत वाळवावा.

ट्रान्समीटर म्हणजे क्रिस्टल ऑसिलेटर, ६व्ही६. पिना अशा: ३ प्लेट, ४ स्क्रीन, ५ ग्रिड, ८ कॅथोड. ७.०३० मेगाहर्ट्झचे क्रिस्टल ग्रिड आणि चासीमध्ये, त्यालाच समांतर ४७ किलोओहम. ग्रिड आणि कॅथोडमध्ये २२ पिकोफॅरड, कॅथोड आणि चासीमध्ये १०० पिकोफॅरड. कॅथोडपासून २.५ मिलिहेन्रीचा आरएफ चोक रिलेच्या संपर्कातून चासीला, आणि संपर्कावर ०.०१ मायक्रोफॅरड. मोर्स की थेट कॅथोडमध्ये घालू नये. की वर असताना तिच्या उघड्या पितळेवर व्होल्टेज चढते आणि बोटे तिथेच असतात. की १२ व्होल्टच्या छोट्या रिलेला चालवेल आणि रिले कॅथोड जोडेल.

स्क्रीनला १५० व्होल्ट पक्के द्यावेत. व्हीआर१५० हा वायूचा व्हॉल्व्ह भांडारात असेल तर ७.५ किलोओहम १० वॉटच्या रेझिस्टरमधून त्याला ३०० व्होल्टवरून जोडावा, वीस मिलिअँपिअर वाहतात. स्क्रीनच्या पिनेवर ०.०१ मायक्रोफॅरड चासीला. स्क्रीन नियंत्रित नसेल तर की दाबताच एचटी खाली बसते, फ्रीक्वेन्सी सरकते आणि टोन चिमणीसारखा चिवचिवतो. ऐकणारा पहिली तक्रार हीच करतो. आजचे बारीक धातूच्या डबीतले क्रिस्टल इथे थेट वापरू नये. त्यांची सहनशक्ती मिलिवॉटमध्ये असते, व्हॉल्व्हच्या प्रवाहाने ते तापून सरकतात किंवा तडकतात. एफटी-२४३ नसेल तर २एन२२२२ चा ऑसिलेटर पुढे ठेवून ६व्ही६ कडून फक्त शक्ती वाढवून घ्यावी.

प्लेटला २.५ मिलिहेन्रीच्या चोकमधून ३०० व्होल्ट, आणि प्लेटपासून १००० पिकोफॅरड १ किलोव्होल्टच्या मायका कंडेन्सरमधून पाय (π) फिल्टर, म्हणजे दोन कंडेन्सर आणि त्यांच्यामधली एक कॉइल. चाळीस मिलिअँपिअरला प्लेटचा भार ३७५० ओहम येतो. त्यावरून प्लेटच्या बाजूचा कंडेन्सर ७२ पिकोफॅरड, अँटेनाच्या बाजूचा सुमारे ४४० पिकोफॅरड आणि कॉइल ७.६ मायक्रोहेन्री. कॉइलसाठी द्राक्षबागेच्या ठिबकला लागतो तोच ३२ मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप घ्यावा, त्यावर १८ गेजच्या एनॅमल तारेचे सोळा फेरे लगोलग. नाशिकमध्ये असा तुकडा कुठल्याही शेतकी दुकानात मिळतो. प्लेटकडे १५० पिकोफॅरडचा, अँटेनाकडे गँगचे दोन्ही विभाग समांतर जोडून मिळणारा १००० पिकोफॅरडचा बदलता कंडेन्सर. अँटेनाच्या सॉकेटवर आणखी एक २.५ मिलिहेन्रीचा चोक चासीला द्यायचाच आहे. मायका कंडेन्सर कधी शॉर्ट झाला तर ३०० व्होल्ट अँटेनाच्या तारेवर जातात. हा चोक असला तर त्याच क्षणी एचटीचा फ्यूज उडतो. अनेक जुन्या आकृत्यांत तो नाही, म्हणून मुद्दाम लिहिले.

पहिली चाचणी अँटेनावर नाही, डमी लोडवर, म्हणजे अँटेनाऐवजी लावलेल्या रेझिस्टरवर. १ किलोओहम २ वॉटचे वीस मेटल ऑक्साइड रेझिस्टर समांतर जोडले की ५० ओहम होतात. वायरवाउंड नको, त्यात कॉइल असते. की दाबून प्लेटकडचा कंडेन्सर फिरवावा. प्लेट मीटर एका जागी खाली येतो. मग अँटेनाकडचा कंडेन्सर कमी करून भार वाढवावा, पुन्हा खाली आणावा, चाळीस मिलिअँपिअरपर्यंत. बारा वॉट आत जातात, सहाएक बाहेर येतात. १एन४१४८ आणि ०.०१ मायक्रोफॅरडचा शोधक लोडवर लावला तर २४ व्होल्टच्या आसपास दिसायला हवे. व्होल्टेजचा वर्ग करून शंभराने भागले की वॉट मिळतात. अँटेनापुढे ७ मेगाहर्ट्झचा वेगळा लो-पास फिल्टर लावावा, १४ मेगाहर्ट्झचा दुसरा हार्मोनिक एकट्या पाय फिल्टरने पुरेसा दबत नाही.

८०७ व्हॉल्व्ह भांडारात असतीलच. मोह होतो, पण ते दुसऱ्या वर्षी. त्यांना पाचशे-सहाशे व्होल्ट लागतात, आणि माथ्यावरची प्लेटची टोपी उघडी असते. शिवाय तो व्हॉल्व्ह व्हीएचएफवर आपोआप थरथरू लागतो. टोपीशी ४७ ओहमच्या रेझिस्टरवर गुंडाळलेले चार-पाच फेरे आणि ग्रिडच्या पिनेवर ४७ ओहम नसतील तर मीटर वेडेवाकडे नाचतात आणि दोष कुठे आहे ते सापडत नाही.

अँटेना म्हणजे साधा डायपोल, दोन्ही बाजूंना १०.१५ मीटर तार, मध्यभागी बालून (तार आणि केबल यांचा मेळ घालणारा ट्रान्सफॉर्मर) आणि आरजी-५८ केबल. दुमजली इमारतीच्या गच्चीवर टांगला की लहरी बऱ्याचशा उभ्या चढतात आणि दिवसा महाराष्ट्रभर उतरतात. इथे आपल्या संस्थांना एक मोठी सोय आहे: शहरातल्या गृहसंकुलात वीस मीटर मोकळी जागा मिळत नाही, तुमच्या मैदानावर ती आहे. मे अखेरीपासून वळवाच्या गडगडाटात केबल सेटपासून काढून खोलीबाहेरच अर्थला जोडण्याची शिस्त हवी.

या पट्ट्याला आपल्याकडे इतिहासही आहे. २७ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईतून उषा मेहता आणि सहकाऱ्यांचे गुप्त काँग्रेस रेडिओ सुरू झाले ते ४२.३४ मीटरवर, म्हणजे ७.०८ मेगाहर्ट्झवर. आज हौशींना असलेल्या ७.० ते ७.२ मेगाहर्ट्झच्या आतच ही जागा येते. त्या ट्रान्समीटरमागेही हौशी रेडिओचे ज्ञान असलेली माणसे होती.

सिंहस्थ जवळ आला आहे आणि हौशी रेडिओ म्हटले की आपत्तीचा विषय निघतो, म्हणून स्पष्ट सांगतो. व्हॉल्व्हचा ट्रान्समीटर गोदाघाटावर न्यायचा नाही. तिथे हातातले व्हीएचएफ सेट लागतात. डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत पोर्ट ब्लेअरहून हौशींनी संदेश पोचवले तेही आधुनिक संचांवर. पण पुरात दुतोंड्या मारुतीपर्यंत पाणी चढले असताना बॅटरी, केबल आणि अँटेना यांतले काय बिघडले हे पाच मिनिटांत सांगणारी माणसे अशाच टेबलावर तयार होतात.

टेबलाच्या खोलीत पाच गोष्टी लागतील: आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच), रबरी चटई, एकच मोठा लाल मुख्य स्विच, आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर आणि १० किलोओहम १० वॉटचा रेझिस्टर लावलेली इन्सुलेटेड काठी. सेट बंद केल्यावर प्रत्येक कंडेन्सर त्या काठीने रिकामा करायचा, मग मीटरने शून्य पाहायचे, मगच हात घालायचा. स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करून रिकामा करण्याची सवय मोडावी, त्याने कंडेन्सरच्या आतले जोड सुटतात. एकट्या विद्यार्थ्याला एचटीवर काम करू देऊ नये, आणि चालू सेटमध्ये मोजताना दुसरा हात खिशात.

नवीन खर्च फारसा नाही. इलेक्ट्रोलिटिक, पॉलिएस्टर कंडेन्सर, रेझिस्टर आणि फ्यूज नाशिकमध्ये किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर मिळतात. बाकी सर्व आपल्या भांडारात आहे, किंवा पुढच्या निर्लेखनापर्यंत तरी आहे.

या वर्षीचा निर्लेखन प्रस्ताव समितीपुढे ठेवण्याआधी यादीची एक प्रत विभागाच्या सूचनाफलकावर लावावी आणि पाहणीसाठी एक दिवस ठरवावा. आम्ही मेगर, मीटर आणि लेबले घेऊन येऊ. प्रत्येक वस्तूवर 'ठेवा', 'सुटे भाग काढा' किंवा 'उघडू नका' असे कारणासह लिहून देऊ. वस्तू संस्थेच्याच राहतील, नोंदवहीतला क्रमांक तोच राहील, मानधन नको. पहिले दोन रिसीव्हर विद्यार्थ्यांसोबत बसून चालू करून देण्याची जबाबदारी आमची.

आपले,
नाशिकमधील हौशी रेडिओ परवानाधारक